पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे? मग या क्रमाने तपासा

सकाळी दुकानाचं शटर वर केलं की पहिल्या तासाभरात जे औषध सगळ्यांत जास्त जातं ते तापाचं नसतं आणि बीपीचंही नसतं. "ताई, ती अनशापोटी घ्यायची एक पट्टी द्या," एवढंच लोक म्हणतात. नाव सांगत नाहीत, पट्टीचा रंग सांगतात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सतरा वर्षं मेडिकल चालवते आहे. मध्यंतरी एका काकांना विचारलं, "काका, ही गोळी कधीपासून घेताय?" ते म्हणाले, "थोरलीच्या लग्नात जागरणं झाली होती, तेव्हापासून." थोरलीचा मुलगा आता पाचवीत आहे.

जागरणाने झालेलं पित्त दहा-अकरा वर्षं टिकत नाही, गोळी मात्र टिकली. सुरू कुणी केली ते काकांना आठवत होतं. थांबवायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमच्या घरात अशी एखादी गोळी असेल, तुमची स्वतःची किंवा आईवडिलांची, तर हा लेख त्यासाठी आहे. आधीच सांगते, ही औषधं वाईट नाहीत. पूर्वी अल्सर झाला की पोटाचं ऑपरेशन व्हायचं. सिमेटिडीन आलं, रॅनिटिडीन आलं, १९८८ साली ओमिप्रॅझोल आलं, आणि अल्सरसाठी पोट उघडायची पाळी क्वचितच येऊ लागली. माझी तक्रार गोळीबद्दल नाही. कशासाठी आणि कधीपर्यंत, हे दोन्ही माहीत नसताना ती रोज पोटात जाते, त्याबद्दल आहे. म्हणून हा लेख वाचून उद्यापासून गोळी बंद, असं कृपा करून करू नका. पायऱ्या आहेत, त्या क्रमानेच जा.

पायरी १ : पट्टी उलटी करून वाचा

पुढच्या बाजूचं मोठं नाव कंपनीचं असतं. मागे बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. ते 'प्रॅझोल'ने संपत असेल, म्हणजे पॅन्टोप्रॅझोल, ओमिप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, इसोमिप्रॅझोल, लॅन्सोप्रॅझोल, तर हा लेख तुमच्या गोळीबद्दलच आहे. फॅमोटिडीन असेल तर ते वेगळ्या, सौम्य जातीचं औषध आहे. गुलाबी किंवा पांढरं पातळ औषध, चघळायच्या गोळ्या, ही तिसरी जात. ती तयार झालेलं आम्ल तेवढं मारतात आणि तासा-दोन तासांत त्यांचं काम संपतं.

आता नावाच्या शेपटीकडे बघा. 'डी' किंवा 'डीएसआर' लिहिलं असेल तर त्या एका कॅप्सूलमध्ये दोन औषधं आहेत आणि दुसरं बहुधा डोमपेरिडोन आहे. ते मळमळ-उलटीवरचं औषध. आपल्याकडच्या डीएसआर कॅप्सूलमध्ये ते ३० मिलिग्रॅम असतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ साली, हृदयाचे ठोके बिघडण्याच्या धोक्यामुळे, डोमपेरिडोन फक्त मळमळ-उलटीसाठी आणि साधारण आठवडाभरच द्यावं असं ठरवलं. आणि इथे माणसं ते पाच-पाच वर्षं घेतात, तेही उलटी होत नसताना. 'एल' किंवा 'एलएस' असेल तर दुसरं औषध बहुतेक वेळा लेव्होसल्पिराइड असतं. त्याने वयस्कर माणसांच्या हाताला कंप सुटू शकतो, अंग ताठरतं, आणि बायकांची पाळी बिघडू शकते. आजीचा हात थरथरतोय म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे जाणार असाल तर आधी तिची पित्ताची पट्टी सोबत घ्या. हे मी फार कळकळीने सांगते आहे, कारण ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची असते हेच कुणाला सुचत नाही. 'पित्ताची गोळी' हे औषध आहे असं लोक मानतच नाहीत. "आणखी काही औषधं चालू आहेत का?" या प्रश्नाला उत्तर येतं, "नाही, काही नाही."

पट्टीवर लाल रेघ असते. तिचा अर्थ, हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ-घेऊ नये. अमेरिकेत कमी ताकदीची ओमिप्रॅझोल चिठ्ठीशिवाय मिळते, पण तिथल्या खोक्यावर छापलेलं असतं की १४ दिवस घ्या, आणि चार महिन्यांच्या आत पुन्हा १४ दिवस घेऊ नका. आपल्याकडे नियम त्याहून कडक, आणि सवय त्याहून सैल. मेडिकलवाले म्हणून यात आमचाही वाटा आहे.

पायरी २ : गोळी कशामुळे सुरू झाली ते शोधा

जुन्या फायली काढा. डिस्चार्ज कार्ड, एंडोस्कोपीचा रिपोर्ट, चिठ्ठ्या, जे मिळेल ते. कारण सापडलं की निम्मं काम झालं.

माझ्या काउंटरवर सगळ्यांत जास्त दिसणारं कारण म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. गुडघा दुखत होता, डॉक्टरांनी दहा दिवसांची वेदनाशामक गोळी दिली आणि पोटाला त्रास होऊ नये म्हणून सोबत पॅन्टोप्रॅझोल दिली. बरोबरच केलं. दहा दिवसांनी दुखण्याची गोळी संपली. पॅन्टोप्रॅझोल 'बरी वाटते' म्हणून राहिली. दुसरं कारण दवाखान्यात ॲडमिट होणं. डेंग्यूसाठी, हर्नियासाठी, कशासाठीही असो, डिस्चार्ज कार्डावर ती असतेच आणि पुढे किती दिवस, हा रकाना पुष्कळदा कोरा असतो. तिसरं, एंडोस्कोपीत खरोखर काही सापडलेलं असतं. चौथं, मेडिकलमधून आपणच आणलेली.

छातीत जळजळ आणि घशाशी आंबट येणं यासाठी पहिला कोर्स साधारण आठ आठवड्यांचा असतो. अल्सरसाठी चार ते आठ आठवडे. दुखण्याच्या गोळीच्या जोडीला दिलेली असेल तर ती गोळी चालू असेपर्यंत. एच. पायलोरी या जंतूसाठी अँटिबायोटिकच्या जोडीने बहुधा १४ दिवस. यातलं काहीही 'कायम' नाही.

एच. पायलोरीबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते. अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो असं सगळे मानत असताना, बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी तो बहुतांशी या जंतूमुळे होतो हे दाखवलं. २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. भारतात हा जंतू फार माणसांच्या पोटात आहे. तुमचं पित्त गोळी थांबवली की दर वेळी परत येत असेल, पूर्वी अल्सर झाला असेल, तर या जंतूची तपासणी झाली आहे का ते डॉक्टरांना विचारा. ती शौचाच्या नमुन्यातून किंवा श्वासातून होते. मात्र त्याआधी दोन आठवडे 'प्रॅझोल' आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट 'नाही' असा येऊ शकतो. गोळी चालू ठेवून टेस्ट केलेली आणि निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत.

पायरी ३ : ज्यांनी थांबवायची नाही, त्यांनी इथेच थांबा

खालच्यांपैकी काही असेल तर गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका. तुमच्यासाठी फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे.

हृदयात स्टेंट बसल्यावर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू आहेत. रक्त पातळ करणारी गोळी आहे आणि वयही जास्त आहे. अल्सरमधून एकदा रक्तस्राव झालेला आहे. संधिवातासाठी वेदनाशामक गोळी रोजच घ्यावी लागते. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला मोठ्या जखमा, तिथलं आकुंचन किंवा 'बॅरेट्स' (अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल) असं लिहून आलंय. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ही गोळी कशी आणि कुणाची थांबवावी यावर २०२२ साली सल्ला प्रसिद्ध केला. त्यातही रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांची गोळी थांबवू नये असं स्पष्ट आहे. त्याच सल्ल्यातलं दुसरं वाक्य उरलेल्या सगळ्यांसाठी आहे. ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला ती अजून लागते का, हे नियमितपणे तपासलं गेलं पाहिजे.

स्टेंटवाल्यांना एक बारकावा. क्लोपिडोग्रेल शरीरात गेल्यावर यकृतातल्या एका एन्झाइममुळे कामाला लागतं, आणि ओमिप्रॅझोल व इसोमिप्रॅझोल नेमका तोच एन्झाइम अडवतात. म्हणून या दोन गोळ्या क्लोपिडोग्रेलबरोबर टाळतात आणि बहुधा पॅन्टोप्रॅझोल देतात. मेडिकलमध्ये "ती नाही, ही घ्या, सारखीच आहे" असं कुणी म्हणालं तर घेऊ नका.

पायरी ४ : इतकी वर्षं घेतल्याने काय होऊ शकतं ते नीट समजून घ्या

व्हॉट्सॲपवर 'ॲसिडिटीच्या गोळीने किडनी जाते, स्मृती जाते, कॅन्सर होतो' असं फिरतं. वाचून माणसं एक तर घाबरून गोळी एका दिवसात सोडतात, नाहीतर सगळंच खोटं म्हणून दुर्लक्ष करतात. दोन्ही चूक. यातल्या काही गोष्टी पक्क्या आहेत, काही शक्य आहेत आणि काही कच्च्या आहेत.

आधी गोळी काय करते ते बघू. जठराच्या अस्तरात आम्ल बाहेर टाकणारे लाखो बारीक पंप असतात. ही गोळी चालू असलेल्या पंपाला जाऊन चिकटते आणि तो कायमचा बंद पाडते. शरीराने नवा पंप बनवला तरच आम्ल परत येतं. म्हणून गोळी रक्तातून दोन-चार तासांत निघून जाते, पण परिणाम दिवसभर आणि पुढेही राहतो. आम्ल कमी होणं हाच तिचा गुण आहे. आणि आम्ल निसर्गाने उगीच दिलेलं नाही.

आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट बी-१२ या जीवनसत्त्वाची आहे, म्हणून तिथे थोडा वेळ थांबते. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना घट्ट बांधलेलं असतं. ते सुटायला आम्ल लागतं. आम्ल नाही तर दूध, दही, अंडं, मटण खाऊनही त्यातलं बी-१२ पुरतं अंगी लागत नाही. अमेरिकेतल्या २०१३ सालच्या एका मोठ्या अभ्यासात, दोन वर्षं किंवा जास्त काळ ही गोळी घेणाऱ्यांत बी-१२ ची कमतरता न घेणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली. हे मांसाहारी देशातलं. आपल्याकडे मुळातच हात आखडता आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. त्यात खेड्यातले होते, झोपडपट्टीतले होते, आणि शहरी मध्यमवर्गात तर प्रमाण आणखी वर होतं.

आता माझ्या काउंटरवरचं नेहमीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. पन्नाशीच्या काकू, शाकाहारी, शुगर आहे म्हणून मेटफॉर्मिन, आणि सकाळी अनशापोटी पॅन्टोप्रॅझोल. मेटफॉर्मिनही बी-१२ कमी करतं. म्हणजे एकाच घागरीला तीन भोकं. काकूंच्या तळपायाला मुंग्या येतात, जिभेची आग होते, विसरायला होतं, थकवा जात नाही, आणि सगळे म्हणतात, 'शुगरमुळे असेल, वयामुळे असेल.' बी-१२ ची साठवण यकृतात असते, त्यामुळे घट वर्षानुवर्षं दिसत नाही. नसांचं नुकसान फार लांबलं तर ते पूर्ण भरून येईलच असं नसतं. दिलासा एवढा की गोळीतलं किंवा इंजेक्शनमधलं बी-१२ मोकळंच असतं, ते सुटायला आम्ल लागत नाही. वेळेवर कळलं तर उपाय सोपा आणि स्वस्त आहे.

दुसरी पक्की गोष्ट मॅग्नेशियम. हे क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं. पायात गोळे येतात, हात कापतात, ठोके चुकतात, कधी आकडी येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली याचा इशारा दिला. बहुतेकांना हे वर्षभराहून जास्त वापरानंतर झालं होतं, आणि साधारण चौघांतल्या एकाचं मॅग्नेशियम पूरक गोळ्या देऊनही वर आलं नाही, पित्ताची गोळीच थांबवावी लागली. लघवी जास्त करवणारी बीपीची गोळी किंवा हृदयासाठीचं डिगॉक्सिन सोबत असेल तर जास्त जपायला हवं.

तिसरी, पोटाचे संसर्ग. आम्ल हे पोटाच्या दारावरचं राखण आहे. पाण्यातून-अन्नातून येणारे पुष्कळ जंतू तिथेच मरतात. राखण उठली की जुलाब करणारे जंतू सहज आत जातात. पावसाळ्यात, जत्रेत, वारीत, बाहेरचं पाणी पिताना हे लक्षात ठेवा. २०१९ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकार असलेल्या १७,५९८ माणसांपैकी निम्म्यांना पॅन्टोप्रॅझोल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी, सुमारे तीन वर्षं. गोळीवाल्यांत ठळकपणे वाढले ते आतड्यांचे संसर्गच, १ टक्क्यावरून १.४ टक्के. किडनी, स्मृतिभ्रंश, हाडं मोडणं यांत फरक दिसला नाही.

म्हणजे बाकी सगळं खोटं? तसंही नाही. तीन वर्षं म्हणजे अकरा वर्षं नव्हेत. लांब वापर आणि हाडं मोडणं यांचा संबंध अनेक निरीक्षणांत दिसला आहे. गोळीमुळेच हाडं मोडतात हे सिद्ध झालेलं नाही, पण पाळी गेलेल्या बायकांनी आणि सत्तरीपुढच्यांनी तो मनात ठेवावा. किडनीचं मात्र वेगळं आहे. या गोळीची जणू ॲलर्जी होऊन किडनीला अचानक सूज येणं, हे क्वचित पण खरंखुरं घडतं, आणि काही आठवड्यांतही घडू शकतं. भारतातही औषध नियंत्रकांनी २०१९ साली या गोळ्यांच्या माहितीपत्रकात किडनीला अचानक इजा होण्याचा इशारा घालायला सांगितलं. लघवी कमी झाली, अंगावर सूज आली, ताप-पुरळ आणि न संपणारा थकवा, असं असेल तर क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) तपासा. स्मृतिभ्रंशाचा पुरावा कच्चा आहे. त्या भीतीने झोप घालवू नका.

आणि एक रोजचा गोंधळ. थायरॉइडची गोळी अनशापोटी, पित्ताची गोळीही अनशापोटी. आम्ल कमी झालं की थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. थायरॉइडची गोळी नियमित घेऊनही टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वर राहतोय, डोस वाढतोय, असं होत असेल तर हे कारण तपासा. आणि उद्या पित्ताची गोळी थांबली की तोच वाढवलेला डोस जास्त होऊ शकतो. म्हणून सुरू करताना आणि थांबवल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच करायचा. लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, त्यांनाही आम्ल लागतं. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर घ्या किंवा डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेटबद्दल विचारा.

पायरी ५ : डॉक्टरांकडे जाताना हे घेऊन जा

एका कागदावर लिहा. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कोणत्या वर्षापासून, कुणी आणि कशासाठी दिली, दिवसातून किती वेळा, चुकली तर काय होतं. सोबतची सगळी औषधं, काढे आणि चूर्णंसुद्धा. वर्षभराहून जास्त घेत असाल तर विचारा की बी-१२, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि गरज असेल तर मॅग्नेशियम तपासायचं का.

मग सरळ विचारा, "डॉक्टर, ही मला अजून लागते का? लागत असेल तर कमीत कमी किती?" रागावतील असं वाटून घेऊ नका. पेशंटला बंद करायची इच्छा आहे हेच पुष्कळदा डॉक्टरांना माहीत नसतं.

आणि एक तपासा, गोळी तुम्ही घेता कशी? ती नाश्त्याच्या अर्धा ते पाऊण तास आधी घ्यायची असते, कारण अन्न पोटात गेल्यावर पंप जागे होतात आणि जागा पंपच गोळीला सापडतो. चहा-पोह्यांबरोबर किंवा रात्री झोपताना घेतली तर गुण अर्धवट येतो. मग 'वीसने भागत नाही' म्हणून चाळीस होते, चाळीसची दोन वेळा होते. काहींचा डोस फक्त वेळ सुधारूनच निम्म्यावर येतो.

पायरी ६ : हळूहळू उतरवा, आणि तिसऱ्या दिवशी घाबरू नका

सगळ्यांत जास्त माणसं इथे हरतात. गोळी सोडतात, दोन-तीन दिवसांत छातीत अशी आग पडते की पुन्हा सुरू करतात आणि म्हणतात, "बघा, मला ही लागतेच."

लागतेच असं नसतं. आम्ल कमी पडतंय असं पोटाला वाटत राहतं, म्हणून शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि आम्लाचा हुकूम देणाऱ्या पेशी संख्येने वाढतात. गोळी निघाली की ती सगळी वाढलेली फौज एकदम कामाला लागते. काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त होतं. डेन्मार्कमध्ये २००९ साली हे ज्यांना पित्ताचा काहीही त्रास नव्हता अशा १२० निरोगी माणसांवर तपासलं. निम्म्यांना आठ आठवडे इसोमिप्रॅझोल दिली आणि मग गुपचूप रिकामी गोळी. बंद झाल्यावरच्या चार आठवड्यांत त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना जळजळ-आंबट पाणी असा त्रास झाला. पहिल्यापासून रिकामी गोळी घेणाऱ्यांत तो १५ टक्क्यांना होता. त्रास नसलेल्या माणसाला गोळीने त्रास लावला, तोही दोनच महिन्यांत. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा काउंटरपुढच्या कितीतरी चेहऱ्यांची आठवण झाली.

डॉक्टरांनी होकार दिला की उतरवण्याची एक चालणारी रीत अशी. दोन वेळा असेल तर आधी एक वेळ. मग ४० ची २०. दोन ते चार आठवडे तसंच राहा. मग एक दिवसाआड, आणखी दोन आठवडे. मग बंद. गोळी अर्धी तोडून डोस कमी करायचा नाही, तिच्यावरचं आवरण तुटलं तर जठरातलं आम्ल औषध नासवतं. २० ची वेगळी गोळी मिळते, ती मागा. एकदम बंद करणंही चुकीचं नाही, शेवटी दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात. पण माझा अनुभव, हळू उतरणारा माणूस मध्येच परत फिरत नाही.

मधल्या काळात जळजळ झाली तर पातळ अँटासिड, जेवणानंतर आणि झोपताना, दोन-तीन आठवडे. थायरॉइड आणि लोहाच्या गोळीपासून ते चार तास लांब ठेवा. बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी फसफसणारं चूर्ण आणि खायचा सोडा टाळा, त्यात सोडियम असतं. रात्रीच्या त्रासाला डॉक्टर काही दिवस फॅमोटिडीन देऊ शकतात. रोज घेतलं तर थोड्या आठवड्यांत त्याचा गुण ओसरतो, तेव्हा ते पुलासारखं वापरायचं. घरात जुनी रॅनिटिडीन पडली असेल तर ती वापरू नका. तिच्यात कर्करोगकारक अशुद्धी सापडल्यावर अमेरिकेने २०२० साली ती बाजारातून काढायला लावली, आणि २०२२ साली आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतूनही ती गेली.

पायरी ७ : त्या सहा आठवड्यांत घरात काय बदलायचं

पथ्याची लांब यादी देणार नाही, ती कुणी पाळत नाही. ज्यांनी फरक पडतो ती कामं थोडी आहेत.

रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी. आपल्याकडे मालिका संपल्यावर साडेदहाला ताट वाढतात आणि अकराला पाठ टेकतात, तिथेच सगळी जळजळ सुरू होते. शेतावरून उशिरा येणाऱ्यांनी निदान रात्रीचं जेवण हलकं ठेवावं आणि दुपारचं मुख्य. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचला. उशा वाढवून तेच साधत नाही, त्याने पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा. पोटाचा घेर वाढलेला असेल तर चार-पाच किलो वजन उतरण्याचा गुण मोठा असतो. तंबाखू, मिश्री, विडी, दारू, यांच्यासह गोळी थांबवायचा प्रयत्न बहुधा फसतो, आधी ते बघा. रिकाम्या पोटी दोन कप चहा आणि उपवासाला तळलेलं व साबुदाणा, हे ज्यांना बाधतं त्यांना ते स्वतःलाच माहीत असतं. आणि डोकं दुखलं, पाठ दुखली की मेडिकलमधून आणायची दुखण्याची गोळी, ती तर पोटाला थेट इजा करते.

काकांनी याच रीतीने उतरवलं. दुसऱ्या आठवड्यात आले, चेहरा उतरलेला, "ताई, जमत नाही." त्यांना डेन्मार्कचं सांगितलं, अँटासिडची बाटली दिली, पलंगाखाली विटा ठेवायला लावल्या. पाचव्या आठवड्यात जळजळ मावळली. त्यांचं बी-१२ मात्र १४० निघालं. बहुतेक लॅबमध्ये २०० च्या खाली कमी धरतात. त्यांची बी-१२ ची इंजेक्शनं झाली आणि आता बी-१२ ची गोळी चालू आहे. पायाच्या मुंग्या पुष्कळ कमी आहेत, गेलेल्या नाहीत.

सहा-आठ आठवड्यांनंतरही त्रास पूर्वीसारखाच असेल तर तो उलटून आलेला नाही, मूळचा आहे. मग पुन्हा डॉक्टर, बहुधा एंडोस्कोपी. आणि गोळी पुन्हा लागली तर लागली. कमीत कमी डोस, कारण लिहिलेलं आणि दर वर्षी बी-१२. काहींना रोज न घेता त्रासाच्या दिवसांपुरती घेऊनही पुरते.

पायरी ८ : या खुणा दिसल्या तर वरचं सगळं बाजूला ठेवा

घास अडकणं. न ठरवता वजन उतरणं. डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा उलटीत रक्त. कारण न सापडणारं पांडुरोगासारखं रक्त कमी होणं. साठीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेलं पित्त. अशा वेळी गोळी त्रास झाकते आणि निदान लांबवते. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर त्याच दिवशी दवाखाना, बाकीच्यांसाठी त्याच आठवड्यात तज्ज्ञ डॉक्टर.

आणि शेवटची खूण मी काउंटरवर स्वतः पाहिलेली आहे. चाळिशीतला माणूस, सकाळची वेळ, शर्ट घामाने ओला, छातीवर तळहात दाबून म्हणतोय, "गॅस धरलाय, काहीतरी जोरात द्या." छातीत जळजळीपेक्षा दाब, तो जबड्यात किंवा डाव्या हातात जाणारा, घाम, धाप, असं असेल तर ते पोट नाही असं धरूनच चाला. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना तर नुसती मळमळ आणि थकवा एवढंच होऊ शकतं. तेव्हा पित्ताची गोळी घेऊन अर्धा तास वाट बघू नका, मेडिकलमध्ये चालत येऊ नका. आहात तिथे बसा आणि १०८ ला फोन लावा.